पीएचडीचं तिसरं वर्ष आणि ‘पुढे काय?’

“ताई, मी डोंबिवलीला राहते. वय २९. बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, मग न्यूरोमध्ये एमपीटी, त्यातलीच पदव्युत्तर, आणि आता मुंबईतच पीएचडीचं तिसरं वर्ष. विषय मोटर लर्निंगचा, म्हणजे माणूस हालचाली कशा शिकतो याचा. स्ट्रोकनंतर पेशंट हात लांब करून वस्तू घ्यायला पुन्हा शिकतो, तेव्हा सरावाचा क्रम बदलला तर शिकण्यात काय फरक पडतो, हे मी बघतेय. निम्म्याहून जास्त पेशंटचा डेटा गोळा झालाय. पण नोकरीच्या जाहिराती चाळते तर आमच्या विषयाचं नावसुद्धा कुठे दिसत नाही. गाइड म्हणतात, परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, कर आणि प्रोफेसर हो. लॅबमधला एक सीनिअर पीएचडी झाल्यावर पुनर्वसनाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत गेला. त्याचं नाव निघालं की सगळे ‘वाया गेला’ म्हणतात. बरोबरच्या मैत्रिणीने ठाण्यात क्लिनिक टाकलं, तिचं छान चाललंय. सासूबाई रागावत नाहीत, पण प्रत्येक सणाला विचारतात, ‘अगं, शिकून झालं की नाही?’ नवऱ्याला नोकरी आहे, पण घराचा हप्ताही आहे. सोडून देऊ का? आणि नाही सोडलं तर पुढे मला नक्की काय काम मिळेल?

ता. क. सीव्हीमध्ये पहिलं काय लिहू, पेशंट की पेपर?”

प्रिय मैत्रिणी,

सोडू नकोस. थिसिस पूर्ण कर.

तीन वर्षं फुकट जातील म्हणून हे सांगत नाहीये. गेलेली वर्षं हे पुढची वर्षं घालण्याचं कारण होऊ शकत नाही. माझं कारण वेगळं आहे. तुझ्या कामातला सगळ्यात दमवणारा भाग म्हणजे एथिक्स कमिटीची मंजुरी, ओपीडीत उभं राहून पेशंट मिळवणं, त्यांच्या घरच्यांना समजावणं, ठरल्या दिवशी त्यांना परत आणणं. हा भाग तू बराचसा पार केला आहेस. उरलंय ते विश्लेषण आणि लेखन. क्लिनिकबाहेरच्या कामांसाठी हीच दोन कौशल्यं मागितली जातात. आज सोडलंस तर कष्ट तुझ्या पदरात पडतील आणि कौशल्यं लॅबमध्येच राहतील. शिवाय ज्या पेशंटनी अर्धा हात लुळा असताना तुझ्यासाठी तासन्‌तास बसून वस्तू उचलल्या, त्यांच्या श्रमातून काही छापून यायला हवं. मला हे मनापासून वाटतं.

पण एक अट आहे. सिनॉप्सिस (थिसिसचा सारांश) देण्याची तारीख गाइडसोबत बसून आत्ताच ठरव आणि ती लेखी ईमेलवर असू दे.

आता जाहिरातींबद्दल. तुला विषयाचं नाव दिसत नाही, कारण आपल्याकडे या विषयाला स्वतःचं घरच नाही. अमेरिकेत या विषयातली माणसं बहुतेक किनेसिऑलॉजीच्या, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या, विभागात असतात. आपल्याकडे ती विखुरलेली आहेत. कुणी फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या कॉलेजात आहे, कुणी बायोइंजिनिअरिंगमध्ये, कुणी कॉग्निटिव्ह सायन्समध्ये, तर कुणी शारीरिक शिक्षणात. बंगळुरूच्या आयआयएस्सीत मेंदूविज्ञानाच्या केंद्रात हालचालींवर काम होतं, आयआयटी मद्रास आणि आयआयटी गांधीनगरमध्येही होतं. यांच्या जाहिरातीत ‘मोटर लर्निंग’ हे शब्द क्वचितच येतात. त्यामुळे विभागाच्या नावाने शोध आणि तिथल्या लॅबची पानं वाच. एमपीटीवर फिजिओथेरपी कॉलेजात शिकवायला तू आजही लागू शकतेस. पीएचडीने तिथे तुझ्या हाताखाली संशोधन करणारे विद्यार्थी येण्याची वाट मोकळी होईल.

तरीही एक साधा हिशेब तुझ्या गाइडनी तुला सांगायला हवा होता. एक प्राध्यापक आपल्या नोकरीच्या काळात पाच-दहा विद्यार्थ्यांना पीएचडी देतो आणि निवृत्त होताना एक खुर्ची रिकामी करतो. म्हणजे बहुतेक विद्यार्थी प्राध्यापक होणारच नाहीत, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. आणि मग जो बाहेर जातो त्याला ‘वाया गेला’ म्हणायचं. हा शब्द मला फार लागला.

कारण हा विषय मोठा झालाच मुळी विद्यापीठाच्या भिंतींबाहेर. निकोलाय बर्नस्टाइनने १९२०च्या दशकात मॉस्कोतल्या श्रमविषयक संस्थेत हातोडा चालवणाऱ्या कामगारांच्या हालचालींची छायाचित्रं घेतली. हातोड्याचं टोक दर वेळी नेमक्या जागी पडतं, पण खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जातात, हे त्याला तिथे दिसलं. तुझ्या थिसिसच्या पहिल्या प्रकरणात हा माणूस असणारच. पॉल फिट्सने अमेरिकेच्या हवाई दलासाठी वैमानिक चुकीची कळ का ओढतात याचा अभ्यास केला, आणि १९५४मध्ये अंतर, लक्ष्याची रुंदी आणि हालचालीला लागणारा वेळ यांचा नियम मांडला: लक्ष्य जितकं लांब आणि अरुंद, तितका वेळ जास्त. पुढे १९७८मध्ये झेरॉक्सच्या संशोधकांनी संगणकाचा माउस, जॉयस्टिक आणि कीबोर्डच्या कळा यांची तुलना केली, तीही याच नियमाच्या आधारावर. आज मोबाइलच्या ॲपवर पैसे पाठवण्याचं बटण किती मोठं ठेवायचं आणि अंगठ्यापासून किती लांब, हे ठरवणारी माणसं फिट्सचा नियम वापरतात. त्यांतल्या अनेकांनी स्ट्रोकचा पेशंट कधी पाहिलेला नसतो. तू पाहिला आहेस. ज्याचा हात थरथरतो, ज्याचं बोट हवं तिथे पडत नाही, त्याला ते बटण कसं वाटतं, हे तुला मोजता येतं.

आणि रिचर्ड श्मिट. ज्यांची स्कीमा थिअरी (एकाच प्रकारच्या हालचालींसाठी मेंदू एक सर्वसाधारण नियम तयार करतो, ही) तू एमपीटीला पाठ केलीस, तेच. १९६९मध्ये या विषयाचं स्वतंत्र नियतकालिक त्यांनी सुरू केलं, १९७५मध्ये ती थिअरी मांडली. म्हणजे विषयाच्या गाभ्यातला माणूस. नंतर ते ह्यूमन फॅक्टर्सकडे, म्हणजे माणूस आणि यंत्र यांचा मेळ अभ्यासणाऱ्या शास्त्राकडे, वळले. त्या काळात अमेरिकेत गाड्या आपोआप सुसाट सुटतात अशा तक्रारी येत होत्या. श्मिट यांनी १९८९मध्ये सविस्तर लेख लिहून दाखवलं, की अशा बऱ्याच घटनांमागे पायाच्या नेमाची चूक असू शकते. ब्रेकवर पाय ठेवायला जावं आणि तो ॲक्सिलरेटरवर पडावा. चालकाला वाटतं आपण ब्रेकच दाबतोय, गाडी वेग घेते, म्हणून तो घाबरून आणखी जोराने दाबतो. पायाच्या हालचालीत दर वेळी थोडा फरक पडतो, हे ज्ञान त्यांनी प्रयोगशाळेतच कमावलं होतं. ते रस्त्यावर उपयोगी पडलं. श्मिट यांना कुणी वाया गेलेलं म्हणणार आहे का?

त्या सीनिअरला भेट. फोनवर नको, प्रत्यक्ष. एखाद्या रविवारी माटुंग्याला कॉफी प्यायला बोलाव. पगार विचारायला लाजू नकोस, पण त्याआधी विचार की सोमवारी सकाळी ऑफिसात गेल्यावर तो नेमकं काय करतो. पीएचडीतलं काय रोज वापरतो, आणि काय शिकून घ्यायला हवं होतं असं त्याला आज वाटतं. त्याच्यासारखी आणखी तीन-चार माणसं शोध, तुझ्या लॅबची आणि इतरांचीही. एकेकाचं उत्तर वहीत लिहून ठेव. ‘मला पुढे नक्की काय काम मिळेल’ या तुझ्या प्रश्नाचं माझ्यापेक्षा खरं उत्तर त्या वहीत असेल.

एखादे गाइड हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते. आपले विद्यार्थी आज कुठे आहेत याची यादी करा, कंपनीत आणि क्लिनिकमध्ये गेलेल्यांसकट, आणि नव्याने येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात दाखवा. त्यांच्या आयुष्याची पाच वर्षं तुम्ही मागताय.

आता क्लिनिकबद्दल. तुझ्या पत्रात क्लिनिक म्हणजे हार असा सूर आहे, आणि मला तो बिलकूल मान्य नाही. तुझ्याच विषयातलं उदाहरण घे. १९७९मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचाली शिकवल्या. एका गटाने एकेक हालचाल सलग घोटली, दुसऱ्याने सरमिसळ केली. सराव चालू असताना सलगवाले पुढे होते. दहा दिवसांनी परत पाहिलं तर सरमिसळवाल्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. निरोगी तरुणांवरचा हा निष्कर्ष स्ट्रोकच्या पेशंटला कितपत लागू पडतो हे तू शोधते आहेस, पण त्यामागची गोष्ट प्रत्येक थेरपिस्टला कळायला हवी. सेशनमध्ये जे सुधारतं ते शिकलेलं असेलच असं नाही. प्रायव्हेट क्लिनिकमध्ये पेशंट दर सेशनचे पैसे मोजतो आणि आजच्या आज फरक मागतो. म्हणून थेरपिस्ट नकळत असा सराव निवडतो जो आज छान दिसेल. शनिवारी पेला उचलता आला म्हणून घरचे खूश होतात, मंगळवारी तो परत निसटतो आणि दोष पेशंटच्या इच्छाशक्तीला दिला जातो. किती पेशंटनी हे ऐकून घेतलंय! मंगळवारी सेशन सुरू करण्याआधी, काहीही शिकवण्याआधी, शनिवारचं किती उरलंय हे पाच मिनिटांत मोजणारी थेरपिस्ट ठाण्यात किंवा डोंबिवलीत असेल तर तिथल्या पेशंटचं नशीब उघडलं असं मी म्हणेन.

सरावाच्या संख्येचंही तेच. उत्तर अमेरिकेतल्या पुनर्वसन केंद्रांत प्रत्यक्ष बसून केलेलं निरीक्षण २००९मध्ये प्रसिद्ध झालं. स्ट्रोकच्या पेशंटकडून एका सेशनमध्ये हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ वेळाच करून घेतल्या जात होत्या. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांतून मेंदू बदलतो हे आपण शिकलो, तिथे हा आकडा शेकड्यांत असतो. ही दरी भरायची कुणी? एकीकडे क्लिनिकमधल्या माणसाने, दुसरीकडे पेशंटला घरी शेकडो वेळा कंटाळा न येता सराव करता येईल अशी उपकरणं आणि खेळ बनवणाऱ्यांनी. तुझी मैत्रीण आणि तुझा सीनिअर एकाच कामाच्या दोन टोकांना उभे आहेत, आणि तुला दोन्ही टोकं कळतात.

त्या उपकरणवाल्यांना तुझ्याकडून काय हवं असतं तेही सांगते. पेशंटचा हात वस्तूपर्यंत पोचला, एवढं साधा सेन्सरही सांगतो. पण पोचताना तो कोपर सरळ करतोय की धड पुढे झुकवून कसर भरून काढतोय, हे ओळखायला शिकलेली नजर लागते, आणि कॅमेऱ्याच्या डेटातून ते आकड्यात काढायला प्रोग्रॅमिंग लागतं. नजर तुझ्याकडे आहे. प्रोग्रॅमिंगमध्ये तुझं विश्लेषण लॅबमधला एखादा इंजिनिअर करून देत असेल तर ते आजपासून बंद कर. मोडकंतोडकं का होईना, पायथॉनमध्ये स्वतः लिही. एकाच पेशंटची पुन्हा पुन्हा घेतलेली मोजमापं कशी हाताळायची ती आकडेवारीही स्वतः शिक. या दोन गोष्टींसाठी तुझी सिनॉप्सिसची तारीख दोन-तीन महिने पुढे गेली तरी चालेल. दुसऱ्या कशासाठीही ती पुढे ढकलू नकोस.

मुंबईत राहण्याचा फायदा तू घेत नाहीयेस असं पत्रावरून वाटलं. सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे. कारखान्यातल्या कामगारांची सुरक्षितता, आरोग्य, काम करण्याची ढब यांवर तिथे काम होतं. पवईत आयआयटी मुंबईचं आयडीसी १९६९पासून डिझाइन शिकवतं, त्याच आवारात बेटिकमध्ये डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून वैद्यकीय उपकरणं घडवतात. जवळच जुनं निटी आहे, २०२३पासून त्याचं आयआयएम मुंबई झालं, औद्योगिक इंजिनिअरिंगची परंपरा तिथली. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे. सायन आणि पवईला जायचं कांजूरमार्ग स्टेशन तर तुझ्या सेंट्रल लाइनवरच. या ठिकाणी लगेच नोकरी मिळेल असं मी म्हणत नाही. तिथली व्याख्यानं आणि कार्यशाळा खुल्या असतील तेव्हा जा, एखाद्या प्रकल्पात पेशंटसोबत काम करणारं माणूस हवं आहे का ते विचार. तुझा शेवटचा पेपर लॅबबाहेरच्या एखाद्या व्यक्तीबरोबर झाला तर पुढचं दार तिथूनच उघडण्याची शक्यता जास्त.

पोस्ट नसलेल्या विषयाला पोस्ट कशा मिळतात हे पाहायचं असेल तर परळला जा. केईएममध्ये १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं या देशातलं पहिलं विद्यालय कमला निंबकरांनी उभं केलं. आज त्या विषयाची पदवी आहे, पदव्युत्तर शिक्षण आहे, महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची कौन्सिल आहे.

कौन्सिलवरून आठवलं. तुझं रजिस्ट्रेशन चालू आहे ना? पीएचडीच्या धांदलीत नूतनीकरण राहून जातं. पुढे काहीही कर, ते सोडू नकोस. संलग्न आरोग्य व्यवसायांच्या २०२१च्या राष्ट्रीय कायद्यानंतर आपल्या व्यवसायाचे नियम पक्के होत चाललेत.

क्रीडाक्षेत्राबद्दल तू विचारलं नाहीस, पण कुणी ना कुणी सुचवेलच. संघांना फिजिओ आणि फिटनेस कोच हवे असतात, बरंचसं काम करारावर, मोसमापुरतं. सराव कसा आखावा हे सांगणाऱ्या संशोधकाला खास जागा फार थोड्या ठिकाणी आहेत. आवड असेल तर जा, हप्त्याचा आधार म्हणून नको.

परदेशी पोस्टडॉक: आपल्याकडे मिळणार नाही असं काही शिकायचं असेल तरच. मेंदूला बाहेरून उत्तेजन देण्याचं तंत्र म्हण, रोबोटिक उपकरणं म्हण. त्या लॅबला अर्ज करताना तिथले आधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत हे सरळ विचार. उत्तर द्यायला कचरणाऱ्या लॅबमध्ये जाऊ नकोस. आणि हे लक्षात ठेव, तिथे तुझ्या एमपीटीवर पेशंटला हात लावता येणार नाही, त्यासाठी त्या देशाचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. परत येणाऱ्यांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, तिच्या अटी जाण्याआधीच वाचून ठेव. नवरा सोबत येणार की इथे राहणार, हे आधी तुम्ही दोघांनी ठरवा. गाइडचं मत त्यानंतर.

घरचं. सासूबाई जो प्रश्न विचारतात तो रास्त आहे, आणि तुझ्याकडे उत्तर नसल्यामुळे तो बोचतो. सिनॉप्सिसची तारीख ठरली की त्यांना महिना आणि वर्ष सांग. “आई, अमुक दिवाळीपर्यंत थिसिस जाईल, मग व्हायवा, मग काम.” लॅबमध्ये काय चालतं ते दाखवायला एकदा त्यांना घेऊन जा. लकवा झालेलं माणूस पुन्हा स्वतःच्या हाताने जेवू लागतं, हे बघितल्यावर त्या प्रश्न वेगळ्या आवाजात विचारतील, असा माझा तरी अनुभव आहे. नवऱ्याशी मात्र आकड्यांत बोल. तू यूजीसी किंवा सीएसआयआरच्या जेआरएफवर (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपवर) असशील तर जानेवारी २०२३पासून ती महिना ३७,००० रुपये आहे आणि त्यापुढची एसआरएफ (सीनिअर) ४२,०००, घरभाडं भत्ता वेगळा. दोन वर्षं झाल्यावर जेआरएफची एसआरएफ व्हायला मूल्यमापन व्हावं लागतं, ते अडकलं नाहीये ना ते ऑफिसात जाऊन बघ. संध्याकाळी डोंबिवलीत होम व्हिजिट करून हातभार लावायचा विचार असेल तर आधी फेलोशिपचे नियम वाच. अनेक फेलोशिपमध्ये दुसरं पगारी काम चालत नाही, आणि थोड्या पैशांसाठी तो धोका घेऊ नकोस.

शेवटी सीव्ही. दोन कर. कॉलेज आणि संशोधन संस्थांसाठी पेपर आधी, मग शिकवल्याचा अनुभव, मग पेशंट. कंपन्यांसाठी मात्र एकच पान, आणि पहिल्या ओळीत थिसिसचं नाव नको. तिथे लिही की इतक्या स्ट्रोक पेशंटच्या हाताच्या हालचाली कॅमेऱ्याने मोजल्या, त्याचं विश्लेषण स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने केलं, एथिक्स कमिटीपासून शेवटच्या फॉलो-अपपर्यंत अभ्यास एकटीने चालवला, पेशंटशी मराठीत आणि हिंदीत बोलते. पेशंटचा आकडा खरा घाल, आणि प्रोग्रॅमची ओळ तो खरोखर स्वतः लिहून झाल्यावरच.

तुझी,
ताई